काम सूक्ष्मजीवांचे, जबाबदारी माणसांची

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे उद्दिष्ट २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० सालासाठी ठेवले होते, ते पाच वर्षे अगोदरच, २०२५ मध्ये गाठले गेले. परकीय चलनाची बचत, साखरेचे पडून राहणारे साठे आणि ऊसबिलांची थकबाकी या तिन्ही दुखण्यांवर हा एकच उतारा आहे, असे सांगितले जाते. आणि त्यात तथ्यांश नाही असे कोणी म्हणणार नाही. तथापि जमेच्या रकमेसमोर खर्चाची बाजू मांडल्याखेरीज ताळेबंद पुरा होत नाही. इथेनॉलच्या या ताळेबंदात खर्चाची एक बाजू अशी आहे की, ती दिल्लीत वा मुंबईत दिसत नाही. ती दिसते आसवनीच्या मागल्या बाजूला, साठवण तळ्यात आणि ओढ्याच्या काठी. धाराशिव जिल्ह्यासारख्या वर्षाला जेमतेम सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, तरीही उसावर आणि साखर कारखान्यांवर संसार उभा केलेल्या प्रदेशाने तर या बाजूकडे डोळेझाक करून मुळीच चालणार नाही.

ही बाजू म्हणजे स्पेंटवॉश. वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘मळीमिश्रित पाणी’. मळी आंबवून तिच्यातील अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने काढून घेतले की मागे तापलेले, आम्लधर्मी, काळपट तपकिरी आणि उग्र वासाचे पाणी उरते. एक लिटर अल्कोहोलमागे साधारणपणे ८ ते १५ लिटर असे हे प्रमाण आहे. पाणी किती दूषित आहे हे मोजण्याची शास्त्रज्ञांची एक रीत आहे. त्यातील सेंद्रिय घाण खाऊन संपविण्यासाठी सूक्ष्मजीवांना किती प्राणवायू लागेल, ते पाहावयाचे. या मापाला बी.ओ.डी. म्हणतात. गावच्या सांडपाण्याच्या एका लिटरला हा प्राणवायू दोन-तीनशे मिलिग्रॅम लागतो. स्पेंटवॉशच्या एका लिटरला चाळीस ते साठ हजार मिलिग्रॅम.

आकड्यांचा हिशेब

आकडा नुसता वाचला तर डोक्यावरून जातो, म्हणून थोडा हिशेब मांडून पाहू. दिवसाला ३० हजार लिटर अल्कोहोल काढणारी आसवनी ही आजच्या मानाने लहानच म्हणावयाची. एका लिटरमागे १० लिटर धरले तर तिच्यातून रोज ३ लाख लिटर स्पेंटवॉश निघेल, आणि लिटरला ५० ग्रॅम या दराने त्याची प्राणवायूची मागणी १५ हजार किलो होईल. एका माणसाच्या रोजच्या सांडपाण्याची मागणी सुमारे ५० ग्रॅम धरली जाते. म्हणजे ही एक लहान आसवनी ३ लाख लोकवस्तीच्या शहराइतकी घाण रोज निर्माण करते. २०११ च्या जनगणनेत धाराशिव शहराची लोकसंख्या १ लाख १२ हजारांच्या आत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगेल.

आता दुसरा हिशेब. आपल्याकडील उष्ण हवामानात स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मासे, बेडूक, पाण्यातील किडे सारे त्याच्यावर जगतात. एक लिटर स्पेंटवॉश प्रवाहात पडला तर सहा हजार लिटर पाण्यातील प्राणवायू फस्त करण्याची ताकद त्यात असते. कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी मेलेल्या माशांचे खच पडल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. त्या नद्यांना निदान पाणी तरी असते. बालाघाटाच्या पठारावरील तेरणा वर्षातील कितीतरी महिने डबक्याडबक्यांतून तग धरून असते. पाणी पाजून विष पातळ करण्याची सोयच निसर्गाने या जिल्ह्याला ठेवलेली नाही.

मासे कोण मारते?

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी, कारण साऱ्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे. अशा नदीतील मासे बहुधा विषाने मरत नाहीत; ते गुदमरून मरतात. आणि त्यांचा प्राणवायू हिरावून घेणारे असतात ते पाण्यातील सूक्ष्मजीव. सेंद्रिय घाण हे त्यांचे अन्न. अन्नाची रास दिसताच ते झपाट्याने वाढतात, घाण खाऊ लागतात आणि त्या भरात पाण्यातील सगळा प्राणवायू संपवितात. म्हणजे ज्याला आपण नदीचे मरण म्हणतो ते सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने स्वच्छतेचेच काम असते! तेच जीव, तीच भूक, तेच काम. फक्त ते काम नदीत झाले तर नाश होतो आणि बंदिस्त टाकीत झाले तर शुद्धी होते. ते कोठे व्हावयाचे हे सूक्ष्मजीव ठरवीत नाहीत. ते माणसे ठरवितात.

हे ज्ञान नवे नव्हे. इंग्लंडात मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये असे दाखवून दिले की, सांडपाण्यात हवा खेळवून तळाशी बसणारा गाळ पुन्हापुन्हा वापरला तर त्यातील जीवाणू तेच पाणी काही तासांत निवळ करतात. जगभरच्या शहरांची सांडपाणी केंद्रे आजही मुख्यत्वे याच तत्त्वावर चालतात. परंतु स्पेंटवॉशइतक्या जड पाण्यात हवा भरावयाची तर विजेचे बिलच कारखाना बुडवील. तेथे उपयोगी पडतात ते प्राणवायूविना जगणारे जीव. हॉलंडमधील वॅगेनिंगेन येथे खाट्से लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर काम करीत या जीवांच्या दाट गाळाची एक नवी टाकी सिद्ध केली. तिचे एकस्व त्यांनी घेतले नाही. ज्याला हवे त्याने ती वापरावी असे धोरण ठेवले. साखर धंद्याच्या घाणीवरील हा उपाय साखर धंद्याच्याच दारात जन्मला आणि तो फुकट उपलब्ध झाला, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

टाकीचे पोट

या टाकीत नेमके काय घडते? शेतकऱ्याला समजावयाचे तर उपमा घरचीच आहे: बैलाचे पोट. कडबा बैल खातो, पण तो पचवितात त्याच्या पोटातील असंख्य सूक्ष्मजीव. टाकीतही तसेच असते. तेथे एकच एक जातीचा जीवाणू काम करीत नाही. अनेक जातींची जणू बलुतेदारी चालते. पहिला गट मोठ्या रेणूंचे तुकडे करतो, दुसरा त्यांची आम्ले बनवितो, तिसरा त्या आम्लांपासून ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्याचे आम्ल, तयार करतो आणि शेवटचा गट त्याचे मिथेन वायूत रूपांतर करतो. हा शेवटचा गट सर्वांत सावकाश वाढणारा आणि सर्वांत नाजूक. बैलाने एकदम धान्याच्या राशीत तोंड घातले तर त्याच्या पोटात आम्ल वाढून तो आडवा होतो. टाकीत एकाच दिवशी दुप्पट स्पेंटवॉश ओतला तर आम्ले साचतात, मिथेन करणारे जीव हतबल होतात आणि टाकी ‘आंबते’. मग ती पूर्ववत व्हावयास कित्येक आठवडे लागतात. तोपर्यंत आसवनी थांबत नाही. स्पेंटवॉश मात्र कोठेतरी जातोच.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. डी. आर. रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने १९४६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. स्पेंटवॉशमध्ये गंधकाचे क्षार पुष्कळ असतात. त्या क्षारांवर जगणारे दुसरेच जीवाणू टाकीत माजतात, मिथेन करणाऱ्यांच्या तोंडचा घास पळवितात आणि वर सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सोडून त्यांना दुर्बळ करतात. सोडियम मॉलिब्डेट या क्षाराने या घुसखोरांना आवर घालता येतो काय, हे रानडे यांच्या गटाने तपासले. प्रश्न वरवर रसायनाचा दिसतो. वास्तविक तो सूक्ष्मजीवांच्या समाजशास्त्राचा आहे. कोण कोणाच्या शेजारी नांदतो, कोण कोणाचे अन्न खातो, कोणत्या परिस्थितीत कोणाची सरशी होते, याचा विचार म्हणजेच सूक्ष्मजीवांचे परिस्थितिशास्त्र.

पुडीतून शुद्धी?

या शास्त्राचा मुख्य धडा आपल्या नगरपालिका आणि कारखाने यांच्या अद्याप पचनी पडलेला दिसत नाही. नाल्यात वा तळ्यात अमुक कंपनीचे ‘कल्चर’ टाकले की पाणी शुद्ध होते, अशा समजुतीने पुड्या आणि पिंपे खरेदी केली जातात. निविदा निघतात, छायाचित्रे येतात. परंतु शेण, गाळ आणि माती यांत घाण खाणाऱ्या जीवांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा असतो तो त्यांना लागणाऱ्या परिस्थितीचा. परिस्थिती प्रतिकूल असेल तर बाहेरून आणलेले पाहुणे चार दिवसांत नाहीसे होतात, आणि ती अनुकूल असेल तर स्थानिक मंडळीच काम तडीस नेतात.

याचे दोन दाखले जगप्रसिद्ध आहेत. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांनी अमेरिकेत खनिज तेल खाणारा एक जीवाणू प्रयोगशाळेत घडविला. सजीवाला एकस्व देता येते, असा निर्णय १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला तो याच प्रकरणात. निर्णयाने कायद्याचा इतिहास घडला, पण तो जीवाणू काही समुद्रावरील तेल पुसावयास उतरला नाही. उलट मार्च १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्झॉन वाल्डेझ या जहाजातून सुमारे चार कोटी लिटर तेल सांडले, तेव्हा खडकांवर नत्र आणि स्फुरदाची खते फवारण्यात आली. तेल खाणारे जीव तेथे मुळातच होते. त्यांना कमी होते ते नत्र आणि स्फुरद. ते मिळताच काम वेगाने होऊ लागले.

आपल्याच नदीचाही एक दाखला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिकच्या २०१५ च्या कुंभमेळ्याच्या वेळी गोदावरीतील जीवाणूंचा अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लाखोंच्या स्नानानंतर पाण्यातील जीवाणूंची संख्या वाढली, परंतु त्यांच्यातील विविधता घटली, असे त्यांना आढळले. ज्या समाजात पूर्वी अनेक जाती आपापले काम करीत होत्या, तेथे थोड्याच जातींचे राज्य आले. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. त्यामुळे तेर-ढोकीच्या शिवारात जे घडते ते शेवटी गोदावरीच्याच खात्यावर मांडले जाते.

खर्च कोणाचा?

विज्ञान आहे, टाकी आहे, तिचे तत्त्व पन्नास वर्षांचे जुने आहे. मग अडते कोठे? येथे अर्थशास्त्राला तोंड उघडावे लागते. सुस्थितीतील टाकी स्पेंटवॉशची ८० ते ९० टक्के प्राणवायूची मागणी कमी करते आणि वर मिथेन देते. आपल्या उदाहरणातील आसवनीला रोज सुमारे सात हजार घनमीटर मिथेन मिळू शकेल. उष्णतेच्या हिशेबाने हे स्वयंपाकाच्या गॅसचे साडेतीनशेहून अधिक सिलिंडर झाले. म्हणूनच टाकी बांधावयास कारखाने फारशी खळखळ करीत नाहीत. खळखळ सुरू होते ती त्यापुढे. ९० टक्के घाण गेल्यावरही उरलेल्या पाण्याची मागणी लिटरला पाच हजार मिलिग्रॅम, म्हणजे कच्च्या सांडपाण्याच्या सुमारे वीसपट असते. नदीत सोडावयाची कायदेशीर मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. त्याचा काळा रंग तर सूक्ष्मजीवही सहजासहजी पचवू शकत नाहीत. पहिल्या ९० टक्क्यांत नफा आहे, शेवटच्या दहा टक्क्यांत निव्वळ खर्च. आणि नदी मरते ती या शेवटच्या दहा टक्क्यांनी.

हा खर्च टाळला तर तो नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या दारात जातो. खालच्या गावची विहीर पिवळी पडते, जनावर पाण्याला तोंड लावीत नाही, बाई दोन मैलांवरून हंडा आणते आणि शेवटी टँकर लागतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच या प्रकाराची मीमांसा करून ठेवली आहे: वस्तूच्या किमतीत तिचा संपूर्ण सामाजिक खर्च आला नाही, की ती वस्तू प्रमाणाबाहेर निर्माण होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ‘दूषित करील त्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व १९९६ मधील निकालांत मान्य केले. महाराष्ट्राने तर जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये, केंद्राच्या पाच वर्षे अगोदर केला, आणि १९७० मध्ये मंडळ स्थापिले. २००३ च्या सनदेनुसार आसवन्यांनी २००५ अखेर बाहेर एक थेंबही न सोडण्याची स्थिती गाठावयाची होती. कायद्यांची आपल्याकडे वाण नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. निव्वळ साखरेवर कारखाना आज तगत नाही. आसवनी बंद पडली तर उसाचे बिल थकेल आणि त्याची झळ त्याच शेतकऱ्याला बसेल, असे म्हटले जाते. सहकारी कारखान्यात तर विहीर नासलेला शेतकरी स्वतःच सभासद असण्याचा संभव असतो. हे सारे खरे आहे. पण यातून निष्कर्ष निघतो तो आसवनी बंद करण्याचा नव्हे, तर तिचा खर्च पुरता मांडण्याचा. स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळण्याची पद्धत आता रूढ होत आहे. तिच्या राखेत पालाश असतो. जो देश खताचा पालाश परदेशातून आणतो, त्याने आपल्याच शिवारातून उसाने उचललेला पालाश ओढ्यात सोडावा, यासारखा उधळेपणा नाही. मळीपासून मिळणाऱ्या या पालाशाला २०२१ पासून खत अनुदानात स्थान मिळाले आहे. अर्थात जाळण्यालाही इंधन लागते, आणि त्याआधी मिथेन काढून घ्यावयाचा की नाही हा हिशेब प्रत्येक कारखान्याने करावयाचा आहे. हिशेब कोणताही निघो, त्यात खालच्या गावाची विहीर शून्य किमतीची धरता कामा नये.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, टाकीकडे यंत्र म्हणून न पाहता जित्राब म्हणून पाहावयास हवे. तिला रोज ठरल्या मापाने चारा हवा, सदतीस अंशांच्या आसपास ऊब हवी आणि तिची आम्लता रोज पाहणारा माणूस हवा. २०२३ च्या दुष्काळात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर डिसेंबरमध्ये निर्बंध आले, ते पुढच्या वर्षी उठले. अशा धरसोडीत आसवनी थांबू शकते. तिची टाकी उपाशी ठेवली तर पुढचा हंगाम सांडपाण्यानेच सुरू होतो. म्हणून आसवनीच्या परवान्यात टाकीच्या लांबीरुंदीबरोबरच सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या माणसाची कायम नेमणूक आणि टाकी बिघडल्यास उत्पादन थांबविण्याची अट असावी. जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना पुण्याची गाडी पकडण्यापूर्वी येथेच काम मिळेल, हा वरचा लाभ.

दुसरी गोष्ट मोजमापाची. आसवन्यांच्या सांडपाण्याचे मोजमाप यंत्राने अखंड करून मंडळाकडे पाठविण्याचा आदेश २०१४ पासून आहे. ते आकडे गावकऱ्याला कळेल अशा मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यावयास हवेत. आणि केवळ सरकारी यंत्रावर विसंबण्याचेही कारण नाही. पाण्यातील प्राणवायू मोजण्याची विंकलर यांची रीत १८८८ ची आहे. काचेच्या बाटल्या, चार रसायने आणि काळजीपूर्वक हात एवढ्यावर ती भागते. संत गोरा कुंभारांच्या तेरपासून खाली नदीकाठच्या प्रत्येक महाविद्यालयाने महिन्यातून एकदा, ठरल्या जागी, तेरणेचा प्राणवायू मोजून तो नोंदवहीत लिहिला तर पाच वर्षांत जिल्ह्याच्या हाती असा पुरावा येईल, की जो कोणत्याही अधिकाऱ्याला वा कारखान्याला झटकून टाकता येणार नाही. ही वही नगरपालिकांनाही आरसा दाखवील. कारण शहरातून वाहणाऱ्या भोगावतीत सांडपाणी सोडणारे आपण नागरिक केवळ कारखान्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. आसवनी उभारण्यासाठी सवलतीची कर्जे देताना सरकारने शेवटच्या दहा टक्के शुद्धीकरणाची रक्कम आगाऊ ठेव म्हणून बाजूला काढून घ्यावी आणि वर्षाअखेर नदीचे मोजमाप पाहून ती परत करावी. दंड हा नदी मेल्यावर होतो आणि पुष्कळदा भरलाही जात नाही. ठेव मात्र अगोदरच पणाला लागलेली असते.

सूक्ष्मजीव पगार मागत नाहीत, संप करीत नाहीत आणि कोणाच्या दबावालाही बळी पडत नाहीत. घाण दिसली की ते खाणार, हा त्यांचा धर्म आहे. त्यांना टाकी दिली तर ते आपल्या चुलीला गॅस देतील, आणि टाकी नाकारली तर नदीत उतरून तिचा श्वास काढून घेतील. या दोहोंपैकी काय घडावे याचा निर्णय प्रयोगशाळेत होत नाही. तो कारखान्याच्या वार्षिक सभेत, ग्रामसभेत आणि मंडळाच्या कार्यालयात होतो. त्या सभांना उपस्थित राहून ताळेबंदाची दुसरी बाजू वाचून दाखवा, अशी मागणी करणे हे तर आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे.